तुम्ही एकदाच हाक मारलीत

खेरित,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे एक बरं आहे. खरं लिहायला हरकत नाही. माझा मुलगा मिलिंद वाचेल, सून स्वाती वाचेल. वाचू देत.

इथल्या मराठी मंडळाचा अंक काढणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "काकू, तुमचे ते डच शेजारी वारले ना, फुटबॉलवाले? त्यांच्यावर लिहा की चार पानं." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई. त्यांचा जन्म कुठला, क्लब कुठले, मला ठाऊक नाही. तर म्हणाल्या, "तसलं नकोच आहे, आठवणी लिहा." आठवणी म्हणजे लोकांना गोड लागतात. माझ्याकडची मुख्य आठवण गोड नाही. ती आधी सांगून टाकते.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी, देवापुढे दिवा लावायच्या वेळेला, तुम्ही भिंतीपलीकडून मला हाक मारलीत. "आज्जी!" एकदाच. मी स्वयंपाकघरात होते, मागचं दार उघडं होतं. मला स्वच्छ ऐकू आलं. मी ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे झाडं कापायला येतो त्या माणसाला तुम्ही सापडलात. तुमच्या अंगणातल्या फुटबॉलच्या गोलमध्ये, जाळीला पाठ लावून बसलेले. मिलिंद म्हणाला, "आई, झटक्यात गेले असणार. त्यांना कळलंसुद्धा नसेल." मी म्हटलं, बरं. हाक ऐकल्याचं त्याला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

आता बाकीचं.

आपली ओळख भांडणातून झाली. दहा वर्षं झाली त्याला. मी नवरा गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत, चँडलरला आले, त्यानंतर काही वर्षांनी तुम्ही शेजारचं घर घेतलंत. दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत. ती माझ्या डोक्याच्या वर, पण तुमच्या हनुवटीपर्यंत. तुम्ही पलीकडे उभे राहिलात की नुसतं डोकं दिसायचं, पांढरं, भिंतीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातली वाटी पडली होती.

तुम्ही पलीकडे गोल ठोकलात, सगळ्या अंगणात खडी आणि मध्ये तेवढंच हिरवं खोटं गवत. रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू धडधड वाजायचा. मग एक दिवस तो वरून आला आणि माझ्या तुळशीची कुंडी फुटली. ॲरिझोनाच्या उन्हात तीन तुळशी मेल्यावर चौथी कशीबशी जगवलेली. मी चेंडू उचलला आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

तुम्ही पुढच्या दारी आलात. दारात वाकून उभे. "माझा चेंडू इकडे आलाय का?"

"आलाय," मी म्हटलं. "माझी तुळस गेलीय."

तेव्हा नात रेवा नऊ वर्षांची होती. माझं इंग्रजी आजच्याहून वाईट, म्हणून ती मध्ये उभी राहून सांगायची. तिने तुम्हाला सांगितलं, "आज्जी म्हणतेय, तुम्ही तिचा देव मारला."

तुमचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक मोठी कुंडी घेऊन आलात. त्यात इटालियन लोक जेवणात घालतात ती तुळस. वास थोडा जवळपासचा. मी म्हटलं, ही चटणीला चालेल, पूजेला नाही. तुम्ही म्हणालात, "देवाला सांगा, दुकानात हीच होती."

आणि निघताना तुम्ही रेवाकडे बघत थांबलात. मी गॅरेजमधल्या पोत्यातले कांदे एकेक करून तिच्याकडे फेकत होते आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून झेलत होती. माझे गुडघे दुखायचे, तेवढ्या खेपा वाचायच्या. तुम्ही विचारलंत, "या मुलीला झेलायला कोणी शिकवलं?"

"कांद्यांनी," मी म्हटलं.

तिथून तुमचं-आमचं सुरू झालं.

तुमचं नाव इथे सगळे गेरिट असं घ्यायचे. तुम्ही मला एकदा खरं सांगितलंत, की तो ग नाही, घशातून काढायचा ख आहे. मी म्हटलं, "खेरित." तुम्ही बघतच राहिलात. म्हणालात, आई गेल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, आम्ही पहिलीत बाराखडीत शिकतो. आणि तुम्ही मला आज्जी म्हणायला लागलात. रेवाच्या मैत्रिणी म्हणायच्या ते ऐकून. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, सत्तरीचा बाप्या, मला आज्जी म्हणतो. मी सांगून बघितलं, कमलताई म्हणा. तुमच्या तोंडात ते बसलं नाही.

लोकांना वाटतं, शेजारी मोठा खेळाडू होता. मोठे नव्हतात तुम्ही. तुम्हीच सांगितलंत. समुद्रकाठच्या गावच्या संघात तुम्ही दोन नंबरचे गोलकीपर. एक नंबरचा कधी आजारी पडत नसे. अकरा वर्षं तुम्ही हातमोजे घालून बाकावर बसलात.

"अकरा वर्षं नुसते बसून?" मी म्हटलं. "आमच्याकडे अशा माणसाला कोणी मुलगी देत नाही."

"आमच्याकडेही नाही दिली," तुम्ही म्हणालात.

मग अमेरिकेत आलात आणि इथल्या कॉलेजांमधून गोलकीपर तयार केलेत, जास्त करून मुली. आधी थंडीच्या गावांतून, मग गुडघे गेले म्हणून इकडे वाळवंटात. मी एकदा विचारलं होतं, जो स्वतः फारसा खेळला नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "जो खेळतो तो चेंडू बघतो. जो बसतो तो माणसं बघतो."

ते मात्र खरं होतं. तुम्ही माणसाचा टेकलेला पाय बघायचात. म्हणायचात, जो पाय मारणार तो खोटं बोलतो, जो जमिनीवर टेकतो तो खरं सांगतो. पोस्टमन रस्ता ओलांडायच्या आधी तुम्ही सांगायचात, आता डावीकडे वळेल, आणि तो वळायचा. रेवाला त्याची गंमत वाटायची. मला नाही वाटायची. एकदा मी चहाचा ट्रे घेऊन येत होते, तर तुम्ही म्हणालात, "आज्जी, तुमचा डावा पाय आता वजन घेत नाही. डॉक्टरकडे जा." मी म्हटलं, माझा पाय मला माहीत. महिनाभरात डावा खुबा मोडला. चालता चालता, घरात, सपाट फरशीवर. तुम्ही दवाखान्यात फुलं घेऊन आलात. मी तुमच्याकडे बघितलं नाही. ज्याला आधीच दिसतं त्याच्याकडे बघवत नाही.

रेवाला तुम्ही सात-आठ वर्षं शिकवलंत. आठवड्यातून तीन संध्याकाळी, तिच्या दोन मैत्रिणींबरोबर. मी भिंतीला खुर्ची लावून मटार सोलत ऐकायचे. मला तुमचा खेळ कळत नाही, अजूनही नाही. पण दोन गोष्टी पाठ झाल्या.

एक म्हणजे ती रेघ. तुम्ही सांगितलं होतंत, गोलकीपरला पाठीमागचा गोल दिसत नाही, म्हणून तो मधोमध टाचेने जमिनीवर एक रेघ ओढून ठेवतो. खाली बघितलं की कळतं, आपण कुठे उभे आहोत. ती तुमची खोडच झाली होती. आमच्याकडे चहाला आलात की खुर्चीपुढच्या खडीत टाच घासून रेघ. पत्रपेटीपाशी उभे राहिलात की रेघ. मी खराट्याने झाडून टाकायचे. म्हणायचे, "माझ्या अंगणात कोर्ट काढू नका." तुम्ही म्हणायचात, "मग मला कळणार कसं, मी कुठे आहे?" "माझ्या घरी आहात, आणि चहा गार होतोय."

दुसरी गोष्ट म्हणजे हाक. चेंडू उंच आला आणि कीपरला तो हवा असेल, तर त्याने ओरडायचं, "कीपर!" एकदाच, पोटातून. आणि पुढे जी मुलगी असेल तिने लगेच ओ द्यायची, "युअर्स!" म्हणजे तुझा. तेवढं झालं की कोणी कोणावर आदळत नाही. एखादी पोरगी दोनदा ओरडली की तुम्ही खेळ थांबवायचात. "एकदा! दुसरी हाक म्हणजे शंका. शंका आली की पाय मोडतात."

मी भिंतीअलीकडून म्हटलं, "काहीतरीच शिकवता पोरींना. जिवंत माणूस दोनदा हाक मारतो. तीनदा मारतो."

तुमचं डोकं भिंतीवर आलं. "का?"

मग मी तुम्हाला माझ्या बहिणीचं सांगितलं.

आमचं गाव कोकणात, खाडीकाठी. माझी थोरली बहीण सुमन बारा वर्षांची, मी सहाची. तिन्हीसांजेला आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. सुमन एकदम मान वर करून म्हणाली, "ओ, आले!" आणि उठून मागच्या दाराने गेली. मी काही ऐकलं नव्हतं. आई चुलीपाशी होती, तिनेही ऐकलं नव्हतं. दोन दिवसांनी सुमन खाडीत चिपीच्या खारफुटीमध्ये सापडली. पाय घसरला असेल. असेलही. पण त्या दिवसापासून आईने मला शिकवलं, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ते एकदाच हाक मारतात. माणूस असेल तर पुन्हा मारेल, माणसाला गरज असते.

तेव्हापासून मी दिली नाही. सासरी दिली नाही, नवऱ्याला दिली नाही, इथे दिली नाही. माझ्या घरात सगळ्यांना सवय आहे. मिलिंद "आई, आई, आई" असं एकदमच म्हणतो. स्वातीला लग्नानंतर वाटलं सासू बहिरी आहे. रेवा लहानपणी वैतागायची, "आज्जी, यू हर्ड मी!"

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि हसलात. म्हणालात, "म्हणजे तुमच्या गावात सगळे गोलकीपर भुतं."

"आणि तुमच्या गावात सगळी भुतं गोलकीपर," मी म्हटलं.

पण मग तुम्ही गेला नाहीत. भिंतीवर हात ठेवून उभे राहिलात, ती तुमची मोडून वाकडी जुळलेली बोटं, प्रत्येक वेगळ्या दिशेला. आणि पीतचं सांगितलंत. तो लहानपणापासूनचा मित्र, तुमच्याच संघात बचावाला. अकरा वर्षांनी एकदाचं एक नंबरच्या गोलकीपरचं बोट मोडलं आणि तुम्हाला उभं केलं. त्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं. धुक्यातून चेंडू वर गेला आणि दिसेनासा झाला. तुम्ही हाक दिलीत. ती तोंडातून बाहेर पडली की घशातच राहिली हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पीतने ओ दिली नाही. म्हणून तुम्ही धावता धावता दुसऱ्यांदा ओरडलात, आणि त्या दुसऱ्या हाकेला पीतने मागे वळून बघितलं. तुमचा गुडघा त्याच्या कमरेत बसला. पीत पुन्हा खेळला नाही. नीट चाललाही नाही, एक पाय ओढत राहिला.

"मग त्याला भेटलात की नाही?"

"अमेरिकेला आलो."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. त्याने अजून ओ दिलेली नाही."

मी म्हटलं, फोन करा. तुम्ही म्हणालात, काय बोलू? मी म्हटलं, नाव सांगा, पुढचं तो बोलेल, शिव्या देईल, ऐकून घ्या. तुम्ही म्हणालात, रविवारी करतो. त्यानंतर किती रविवार गेले. मी दर सोमवारी विचारायचे. तुम्ही टाचेने रेघ ओढायचात.

हाकेचं भांडण मात्र चालू राहिलं. चहा झाला की मी तुम्हाला बोलवायचे, तुम्हाला काही हवं असलं की तुम्ही मला. तुम्ही "आज्जी!" म्हणायचात, एकदा. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी. तुम्ही ओ येण्याची वाट बघत उभे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन म्हातारी माणसं, तोंड मिटून. रेवा म्हणायची, "ओ माय गॉड, यू गाइज." शेवटी तिनेच तोडगा काढला. "कोच, तुम्ही हाक मारूच नका. वॉलवर दोनदा बॉल मारा." दोनदा आवाज झाला म्हणजे माणूसच, असं मी मान्य केलं. तोंडाने दोनदा ओरडावं लागत नाही, असं तुम्ही मान्य केलंत. तेव्हापासून धप, धप असं वाजलं की मी यायचे. सहा वर्षं तुम्ही मला तोंडाने हाक मारली नाहीत. म्हणूनच मी म्हणते, त्या दिवशी माझी चूक झाली, आणि ती चूक कशी झाली तेही मला माहीत आहे. ठरलेलं होतं ना. खेरित असेल तर चेंडू वाजेल. नुसता आवाज आला, तर तो खेरित नव्हे.

रेवा स्टेट कॉलेजला शिकायला गेली, तिथेही गोलमध्येच उभी राहते. नंतर आपण दोघंच उरलो. शेवटच्या आठवड्यात तुम्ही चहाला आलात तेव्हा तुम्ही तुमच्या रेघेवर नव्हतात. रेघ ओढलीत आणि तिच्यापासून दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभे राहिलात.

मी म्हटलं, "मागे का सरकलात? उन्ह लागतंय का?"

तुम्ही समोर बघत होतात. समोर आमचं गॅरेज आणि पाण्याचा नळ, दुसरं काही नाही. म्हणालात, "तिकडून कोणीतरी धावत निघालंय."

"कोण?"

"लंगडतोय. पण धावतोय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि मला असं झालं की राग येतो. मी म्हटलं, "चहा प्या आणि घरी जा. साखर वाढली असेल तुमची."

"पाय अजून टेकवला नाही त्याने," तुम्ही म्हणालात. "टेकवला की कळेल." आणि चहा पिऊन खरंच घरी गेलात.

चार दिवसांनी ती हाक आली. मी काडी ओढून हातात धरली होती. "आज्जी!" आवाज तुमचाच, पण खालून आल्यासारखा, बसून हाक मारावी तसा. मी काडी तशीच धरून दुसऱ्या हाकेची वाट बघितली. दुसरी आली नाही. चेंडू वाजला नाही. बोट भाजलं तेव्हा काडी टाकली, दुसरी ओढली, दिवा लावला, दार लावून घेतलं. मिलिंद-स्वाती आल्यावर सगळे खिचडी जेवलो. मला मनातून समाधान होतं, की मी फसले नाही.

तुमच्या गोलपासून माझ्या दारापर्यंत, मध्ये भिंत धरून, दहा पावलं आहेत. मी नंतर मोजली.

तुमची भाची आली हॉलंडहून, चांगली बाई, तुमच्यासारखीच उंच. घर आवरलं, गोल काढून कोणाला तरी देऊन टाकला. हातमोजे रेवाला ठेवले आणि चेंडू मला दिला. मी तो कपाटात रजयांवर ठेवला आहे. मी तिला पीतचं विचारलं. ती म्हणाली, तो तर थंडीतच गेला, मी मामाला पत्र लिहिलं होतं. मग तिने टेबलावरचा टपालाचा गठ्ठा चाळला आणि ते पत्र काढलं. तिचंच अक्षर. पाकीट फोडलेलंच नव्हतं. ती ते हातात धरून बसली. मी तिला तुमचं लंगडणाऱ्या माणसाचं बोलणं सांगितलं नाही. कशाला?

तिच्या गाडीचा आवाज गेला त्या संध्याकाळी मी अंगणात आले, तर माझ्या खुर्चीपुढे खडीत रेघ होती. सरळ, वीतभर. मी झाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मिलिंदला दाखवली तर म्हणाला, "आई, बागवाल्यांनी पाइप ओढला असेल." बागवाले गुरुवारी येतात. त्या दिवशी सोमवार होता.

आणि मग हाक यायला लागली. रोज नाही. दिव्याच्या वेळेला, भिंतीपलीकडून, रिकाम्या घराच्या अंगणातून. "आज्जी!" एकदा. मिलिंदने ऐकली नाही, स्वातीने ऐकली नाही, दोघं तिथेच बसले होते. मिलिंद म्हणाला, "इथे तो मॉकिंगबर्ड असतो ना, आवाजांची नक्कल करणारा. तो असेल." असेलही. माझ्या आईनेही म्हटलं असतं, असेल. मी दोन्ही कानांवर हात ठेवून देवापुढे बसायचे. हात काढले की शांत. मला भीती कशाची वाटत होती ते लिहिते. तुमची नाही. मला वाटत होतं, आता तुम्ही सुमनच्या बाजूचे झालात आणि मला न्यायला आलात, आणि मी अजून जायला तयार नाही. एवढी म्हातारी झाले तरी तयार नाही. मग वाटायचं, न्यायला आले तर आले, हिशोबाने बरोबरच आहे.

शेवटी रेवाला फोनवर सांगितलं. हाक येते एवढंच, त्या संध्याकाळचं नाही. ती म्हणाली, "आज्जी, दॅट इज सो क्रीपी."

"मला माहीत आहे. पुढे बोल."

"नाही, पण ऐक ना. कीपरने कॉल केला आणि कोणीच आन्सर नाही केलं, तर त्याला सोडता येत नाही. कोच आम्हाला हेच सांगायचे. तो अडकतो. त्याला कळत नाही बॉल कोणाचा. ही इज स्टिल स्टँडिंग देअर, आज्जी." मग रडायला लागली. "तू फक्त ओ दे ना त्यांना. प्लीज. तुला कोणी नाही नेणार."

नऊ वर्षांची असताना मध्ये उभी राहून सांगायची, अजूनही तीच सांगते.

परवा संध्याकाळी मी काडी ओढण्याआधीच दार उघडं ठेवून उभी राहिले. मिलिंद-स्वाती बाहेर गेले होते. उन्ह भिंतीवरून उतरलं. हाक आली.

"आज्जी!"

मी म्हटलं, "ओ! आले!" सुमनसारखंच म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही, सहा वर्षांच्या पोरीचा वाटला. काठी घेतली आणि चालत गेले, दहा पावलं नाहीत माझ्या बाजूला, सहाच आहेत. रेघ होती. मी रेघेवर उभी राहिले, भिंतीला तळहात लावला आणि तुम्ही पोरींना शिकवलं होतंत ते म्हटलं. "युअर्स."

भिंतीवर पलीकडून चेंडू वाजला. धप. मग पुन्हा, माझ्या तळहाताखाली, धप.

मी तिथे अंधार पडेपर्यंत उभी होते. आणखी काही झालं नाही. घरात येऊन कपाट उघडून बघितलं. चेंडू रजयांवर होता. दिवा लावला, उरलेली भाकरी खाल्ली, झोपले. सकाळी उठले. खुबा दुखत होता, दूधवाल्या गाईचं चित्र असलेलं कॅलेंडर भिंतीवर तसंच होतं. मला कोणी नेलं नव्हतं.

खेरित, मी रात्रीतून मेले असते तर बरं झालं असतं असं म्हणत नाही. पण मग आईचं खरं ठरलं असतं. आता मला कळून चुकलं आहे, की त्या दिवशी ओ दिली असती तरी मला कोणी नेलं नसतं. मी सहा पावलं चालले असते, मिलिंदला फोन केला असता, ॲम्ब्युलन्स आली असती. वाचला असतात की नाही, देव जाणे. निदान कोणीतरी "युअर्स" म्हणालं असतं. तुम्ही पीतची ओ ऐकायची म्हणून चाळीस वर्षं थांबलात आणि शेवटी माझ्या भिंतीपाशीही तेच. याची माफी मी मागत नाही. तुम्ही दिली असतीत, म्हणून मागत नाही.

भांडण तुम्ही जिंकलात. हेही लिहून ठेवते, कारण तोंडावर मी कबूल केलं नसतं.

काल अंगणात रेघ नव्हती. मी खराटा घेऊन गेले होते, तशीच परत फिरले. मग पुन्हा गेले, खुर्ची धरली आणि टाच घासून स्वतःच एक ओढली. वाकडी आली.

आज दुपारी स्वाती बाजार करून आली आणि गॅरेजमधून तिने हाक मारली, "आई!" सवयीने पुढच्या दोन हाका तिच्या तोंडात तयार असणार.

"ओ," मी म्हटलं.

हातातल्या पिशव्या टाकून ती धावत आत आली. कांदे सगळ्या गॅरेजभर गडगडत गेले. "आई, काय झालं? बरं नाही वाटत का? पडलात का?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "ऐकू आलं, म्हणून ओ दिली."